गिअरबॉक्सचं तेल मीच बदलणार

सोमवार, ३ नोव्हेंबर
गाडी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना धक्का देते. ऑटोमॅटिक आहे, म्हणजे गिअर स्वतःच बदलते. पण हल्ली उपकार केल्यासारखे बदलते. नाक्यावरच्या मेकॅनिकला फोन करून लक्षण सांगितलं, निदानही सांगितलं: गिअरबॉक्सचं तेल जुनं झालंय. तो म्हणाला, शनिवारी आणा, आधी बघू तर द्या. वर म्हणे, "साहेब, तुम्ही हात लावू नका."
का नको लावू? बावीस वर्षं ऑफिसचं स्टोअर सांभाळतोय. हजारो नट-बोल्ट या नजरेखालून गेलेत. डब्यांतून गेले, पण गेले.
ठरलं. तेल मीच बदलणार. घरी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
बायकोला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की सोमवारी गाडी लागणार हे लक्षात आहे ना? आहे की! ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते. सोमवारपासून तीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात लॅबची प्रमुख म्हणून रुजू होतेय. सकाळी सातला हजर. सोळा वर्षं वाट पाहिली तिने या खुर्चीची. म्हणूनच तर करतोय! पहिल्या दिवशी काय धक्के खात जाणार? हे तिला नीट समजावलं. "हं," म्हणाली. तिच्या "हं"मध्ये प्रोत्साहन असतं, फक्त शोधावं लागतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिले. सात. सगळ्यांत एक टकलू गाडीखाली झोपून हसतो. खालचा नट काढा, जुनं तेल भांड्यात सोडा, नट लावा, वरून नवीन तेल ओता. बास. यासाठी लोक गॅरेजात जातात! टकलूची गाडी वेगळी आहे, पण गाडी ती गाडीच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
तेल आणलं. छान लालभडक. नरसाळं, जॅक, गाडीखाली लावायचे दोन स्टँड, सगळं आणलं. घरी येतो तर टेबलावर गाडीचं माहितीपुस्तक. बायकोने काढून ठेवलं होतं, तेही पानात खूण घालून. पुस्तक नवशिक्यांसाठी असतं. परत कपाटात ठेवलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
सकाळी ७.३०. जुना शर्ट घातला. उत्साह दांडगा.
८.४५. गाडी उचलली, स्टँडवर टेकवली. एवढ्या कामात पाठ धरली. इमारतीचे सेक्रेटरी येऊन विचारून गेले, की फरशीवर डाग पडणार नाहीत ना. सांगितलं, मी काय आज पहिल्यांदा करतोय? प्रश्न होता, खोटं नव्हतं.
९.३०. गाडीखाली आहे. नट एक नाही, दोन दिसतायत. टकलूने एकच दाखवला होता. जो हाताला आधी लागला तोच असणार.
१०.१५. निघेना. पान्हा घसरून बोट सोललं. पान्हाच चुकीचा बनवलाय.
१०.४०. निघाला! तेल भांड्यात कमी, बाहीत जास्त. काळंकुट्ट. गिअरबॉक्सचं तेल असं काळं झालेलं! बरोबर ओळखलं होतं मी. मेकॅनिकला दाखवायला बाटलीत थोडं भरून ठेवलं.
१२.२०. नट लावला. वरून नवीन चार लिटर ओतलं. जेवढं निघालं तेवढंच घातलं, हिशेब चोख. फरशीवरचा डाग छोटा आहे. चटईएवढा.
१२.३५. गाडी सुरू केली. खडखडाट. नवीन तेल जिरायला वेळ लागतोच. समोर तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. दिवा बिघडलाय. तेवढ्यात बायको धावत खाली आली, दार उघडलं आणि हात घालून चावी काढून घेतली. मी काही बोलायच्या आत!
१.३०. बायको पुस्तक घेऊन गाडीपाशी बसली. विचारलं, निघालेलं तेल कुठल्या रंगाचं होतं? काळं. वाकून खाली पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही इंजिनचं तेल काढलंत."
अशक्य.
१.५०. पुस्तकात चित्र आहे. मोठं आहे.
२.१०. म्हणजे इंजिन कोरडं, आणि गिअरबॉक्समध्ये जुनं होतं तेवढं आहेच, वर माझं चार लिटर. पुस्तकाने हे पान पहिलं का नाही ठेवलं? खूण घातलेलं पान हेच होतं, असं ती म्हणते. आत्ता हे सांगून काय उपयोग?
४.३०. मेकॅनिकचा फोन लागला. तो दुपारी गॅरेज बंद करून लग्नाला गेलाय, सोमवारी येईल. म्हणाला, गाडी एक इंचही हलवू नका. नंतर बराच वेळ फोनवर नुसता आवाज येत होता. बहुतेक खोकत असावा.

रविवार, ९ नोव्हेंबर
बायको बोलत नाही. ओरडली असती तर उत्तर तयार होतं. संध्याकाळी तिने नवीन पांढरा कोट इस्त्री केला, डबा काढून ठेवला, सव्वापाचच्या बसची वेळ कागदावर लिहून फ्रिजला लावली. मी म्हटलं, टॅक्सी करून देतो. म्हणाली, "राहू द्या. तुम्ही काही करू नका."
काळजीपोटी म्हणाली. मी थकलोय हे तिला दिसतं.
फरशी घासली. डाग पसरला.

सोमवार, १० नोव्हेंबर
सकाळी ती निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेलो. बॅग धरायला हात पुढे केला. हाताला तेलाचा वास येत होता. बॅग तिने स्वतःच घेतली.
मेकॅनिक आला, खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गाडी ओढून नेली. बाटली दाखवायचं राहिलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
गाडी आली. इंजिन वाचलं. मेकॅनिक म्हणाला, बाईंनी वेळेवर बंद केली म्हणून. गिअरबॉक्सचं मूळ तेल अजून दोन वर्षं चाललं असतं, असंही म्हणाला. धक्का इंजिनखालचं एक रबर फाटल्यामुळे बसत होता. अर्ध्या तासाचं काम.
म्हणजे दोष होता हे मी ओळखलंच होतं. जागा थोडी हुकली.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सकाळी गाडी धुतली. आतून पुसली. बायकोला म्हटलं, सोमवारपासून आरामात गाडीने जा, लोण्यासारखी चालतेय.
ती म्हणाली, बसनेच जाईन. खिडकीची जागा मिळते, लॅबमधली एक मैत्रीण पुढच्या थांब्यावर चढते, जाताना दोघी गप्पा मारतात, येताना तिला मस्त झोप लागते.
मी म्हटलं, अगं पण गाडी असताना?
"बसमध्ये," ती म्हणाली, "मला कुणी काही समजावून सांगत नाही."
आणि खोलीत गेली. चिडलेली नव्हती. तेच जास्त लागलं.
बराच वेळ गाडीत बसून होतो. इंजिन सुरू ठेवून. अजिबात आवाज नाही.