वर न येता भेटण्याचा बेत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कमरेतून नीट वाकून केला आहे, तुझी भावजय साक्षीला आहे.) इकडे सगळे ठणठणीत. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आता तू वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतेस आणि फिरता फिरता मेहुण्यांना स्वयंपाक शिकवतेस, हे ऐकून बरं वाटलं. मेहुण्यांना माझा नमस्कार सांग आणि धीर दे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच हसतेस, मग मला राग येतो आणि मुद्दा तिथेच राहतो. पत्र वाचून तू कितीही हसलीस तरी मला ऐकू येत नाही.

तर मुद्दा असा, की मी येतोय. तू त्या बंदराच्या शहरात संसार थाटलास त्याला जन्म लोटला. दर वर्षी तू बोलावतेस आणि दर वर्षी माझं काहीतरी निघतं. एकदा दाढ, एकदा पाठ, एकदा तीच दाढ पुन्हा (ती काढलेली होती, हे तुझ्या लक्षात आलं आणि तू बोलली नाहीस, हा तुझा मोठेपणा). पण परवा तू फोनवर हसली नाहीस. 'एकदा माझं घर बघून जा रे' एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते मला फार लागलं. दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी लागलं, खोटं कशाला बोलू, पण तोवर जायचं नक्की झालं होतं.

बेत आखायला आधी शेजारचे बँकवाले आले. हे गृहस्थ निवृत्त होण्याआधी दोन विमानांच्या मधली एक दुपार तुमच्या शहरात काढून आलेत आणि तेव्हापासून त्याला 'आमचं बंदर' म्हणतात. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, वाटीचं बेट केलं, मीठदाणीचा दीपस्तंभ केला आणि माझ्या चष्म्याच्या डबीची फेरीबोट करून ती या काठावरून त्या काठावर नेऊ लागले. चहाचा कप नेमका सगळ्या मोठ्या बँकांवर सांडला, तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं, ते शहर पाहायचं तर उंचावरून. मी म्हटलं, मी खालून पाहणार. उंचावरून शहर म्हणजे पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी, आणि त्या मी धंद्यापायी रोज बघतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला गच्चीचं कौतुक सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. ते रागावले आणि नकाशा गुंडाळून घेऊन गेले. आमची मीठदाणी त्यातच गेली. तुझी भावजय अजून ती मागायला जात नाही आणि मलाही जाऊ देत नाही.

मग मी प्रवास कंपनीवाल्याकडे गेलो. त्याचं ऑफिस ज्या इमारतीत आहे तिथली लिफ्ट दुरुस्तीला माझ्याचकडे असते, त्यामुळे ओळख जुनी. मी जिन्याने चढत होतो (मी कायम जिन्यानेच जातो, तब्येतीला बरं असतं) तर तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये हा स्वतःच अडकलेला. हाका ऐकून मी बाहेरचं दार चार बोटं सरकवलं, तर फटीतून त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. सुटका करणं हे माझं पाच मिनिटांचं काम. पण ताई, प्रवास कंपनीवाला आपलं म्हणणं शांतपणे ऐकून घेतोय असा योग माणसाच्या आयुष्यात कितीदा येतो? मी पायरीवर बसलो आणि सगळा बेत त्या कपाळाला सांगितला. हॉटेल बंदराजवळ हवं. खोली तळमजल्यावर हवी. दार थेट रस्त्यावर उघडलं तर उत्तम. कपाळ सगळ्याला हो म्हणालं. अडला हरी म्हणतात तो हाच. त्याला बाहेर काढलं, पाणी पाजलं, खुर्चीत बसवलं, आणि खुर्चीत बसताच तो म्हणाला की त्या शहरात तळमजल्यावर फक्त दुकानं असतात, माणसं सगळी वर राहतात, आणि तुम्हाला सत्ताविसाव्या मजल्यावरची झकास खोली देतो. गरज सरो, वैद्य मरो.

त्यामुळे आता बेत मीच आखलाय, तो नीट वाच. धक्क्याजवळ पाण्याकडे तोंड करून बाकं आहेत, असं बँकवाले म्हणाले होते. मी उतरलो की तिथे येऊन बसतो. तू चाकाच्या खुर्चीत बस, मेहुणे ढकलतील (त्यांच्या पोटाचा घेर फोटोत पाहिला, ढकलू दे त्यांना). बाकावर आपण पोटभर गप्पा मारू. तू बोटाने तुझी चाळिसाव्या मजल्यावरची खिडकी दाखव, मी मान वर करून म्हणेन, वा, काय सुरेख घर आहे. झालं घर बघून. रात्रीपुरतं मी कुठेही पडेन. वर यायचं म्हटलं तर माझे गुडघे, तुला माहीतच आहे, फार दुखतात.

बाकी सगळं समोर बसून बोलू. औषधं वेळेवर घे आणि मेहुण्यांना फोडणी एकट्याने देऊ देऊ नकोस.

तुझा,
गुडघ्यांनी गांजलेला धाकटा

ता. क. जिन्याने जातो असं वर लिहिलं आणि खाली गुडघे दुखतात असंही लिहिलं, हे आत्ता वाचताना लक्षात आलं. तुझ्याही आलं असेल. तर ऐक. लिफ्टच्या डोक्यावर बसून, हातात पाना घेऊन, मी आयुष्य काढलं. तिथे मला काही होत नाही. पण आत उभं राहायचं आणि दार आपल्यादेखत मिटायचं, हे मला जमत नाही. याला तूच जबाबदार आहेस. लपंडावात राज्य तुझ्यावर होतं, मी मोठ्या कपाटात लपलो, बाहेरून कडी पडली, आणि तू मला शोधायचं सोडून जेवायला गेलीस.

ता. क. दुसरा. वन्सं, नमस्कार करते. हे गेलेत पाकीट आणायला, तोवर लिहिते. यांचे गुडघे घोड्यासारखे आहेत. मी सरावाला म्हणून यांना एकदा लिफ्टच्या आत घातलं, तर दुसऱ्या मजल्यावरच कुठल्याशा आवाजाला तेल कमी आहे म्हणाले, खिशातला पाना काढून लिफ्ट बंद पाडली, आणि आम्हा दोघांना यांच्याच भागीदाराने बाहेर ओढलं. आता भागीदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. तेव्हापासून हे रोज संध्याकाळी बाजारातल्या उंच इमारतीचा जिना चढतात-उतरतात. विचारलं तर म्हणतात, पोट कमी करतोय. तुमचं नाव काढत नाहीत, पण मला कळतं. बाकावर बसू देऊ नका यांना.

ता. क. तिसरा. तिने लिहिलेलं वाचलं. खोडणार होतो, पण पेन तिच्याकडेच आहे, हे पेन्सिलीने लिहितोय. बाकाचा बेत रद्द. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पोचतो. सामान मेहुण्यांनी लिफ्टने न्यावं, सामानाला आतलं काही कळत नाही. मी आग लागली तर उतरायला ठेवतात त्या जिन्याने येतो, वेळ लागेल. आता एकच काम तुझ्याकडे आहे, आणि खरं तर हे सगळं पत्र त्यासाठीच आहे. अशा इमारतींत त्या जिन्याचं दार तुमच्या बाजूने ढकललं की उघडतं, जिन्याच्या बाजूने उघडत नाही. चाळीस मजले चढून मी बंद दारापाशी उभा राहीन. वॉकर घेऊन तेवढ्या दारापर्यंत ये. मी ठोठावीन. या वेळी आधी दार उघड, मग जेवायला बस.