भिंतीवरच्या मामांचा उजवा हात

ति. हणमंतमामांच्या पायांवर डोके ठेवून भाचा व्यंकट लिहितो. आपला गुडघा आता कसा आहे? मामींची साखर उतरली का? इकडे आई ठीक आहे. फोनवर आपण "लवकर बोल" म्हणालात की माझे बोलणेच संपते, म्हणून कागद घेतला.

रविवारी आपण माझ्या धाकट्या बहिणीला, अयोध्याला, बघायला देगलूरचे पाहुणे आणणार आणि त्याआधी रस्त्याकडची भिंत रंगवून घ्यायची, असा आपला हुकूम. (तिला सोळावे चालू आहे आणि मार्चमध्ये दहावीची परीक्षा आहे, हे माहीत असून आपण पाहुण्यांना एकोणीस सांगितलेत. ते सध्या बाजूला ठेवू.) पेंटर गुरुलिंग सिमेंटच्या जाहिरातींत अडकलेला. तेवढ्यात जळकोटच्या कॉलेजातल्या मुली शिबिराला आल्या. शाळा आणि पाण्याची टाकी रंगवून झाली, त्यांना आणखी एक भिंत हवी होती. रंग त्यांचा, ब्रश त्यांचे, शिडी तेवढी आपली. मी संमतिपत्रावर सही केली. (त्यात 'सामाजिक' चुकीचे लिहिले होते, ते आधी दुरुस्त करायला लावले. त्या नादात विषय वाचायचा राहिला.)

विषय निघाला बालविवाह! डावीकडे मांडव, अंतरपाट धरलेला. उजवीकडे गणवेशातली मुलगी, पुस्तक छातीशी, पाय रोवून उभी. आणि मध्ये तिला मांडवात न्यायला आलेला मामा. मामा काढला याला माझी हरकत नाही, मुलीला मामानेच आणायची आपली रीत आहे. पण तो मामा म्हणजे हुबेहूब आपण! तोच फेटा, उजवीकडे जास्त पिळलेली तीच मिशी, चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडीसुद्धा सोडली नाही. एवढ्या थोर माणसाला भर रस्त्यावर उभे करण्याची ही कोणती पद्धत? एसटीची वाट बघणारे लोक आपल्याला रामराम घालतात. शेजारचा बजरंग तर रोज सकाळी "मामा, चहा झाला का?" विचारून मगच शेतात जातो.

त्याहून संताप येतो तो हाताचा. आपला उजवा हात मनगटापर्यंतच काढला आहे! पुढे नुसता चुना. नागाबाई काठी टेकत आली, बराच वेळ बघत राहिली आणि दहा माणसांसमोर मला म्हणाली, "भाचीला वढताना तुटला का रं मामाचा हात?" लोक हसले. मी तडक त्या मुलींच्या पुढारणीला, सुकन्याला, जाब विचारला की अर्धवट काम करून जायचे असेल तर सुरूच कशाला केले. ती शिडीवरून उतरलीसुद्धा नाही. म्हणाली, "दादा, हात कुठं न्यायचा ते आमी कसं ठरवावं? मामा आल्यावर इचारू की." दुसरी, वर्षाराणी, वरून म्हणते, "घाई न्हाई. रंग शनिवारपर्यंत भिजवून ठेवलाय." ही काय बोलायची तऱ्हा झाली? मी दोन वेळा "बरं" म्हणून परत आलो.

वडील गेल्यापासून आमच्या घरात आपलाच शब्द चालतो. तो चुकला तर सांगायचे कोणी, हे आपण कधी ठरवून दिले नाही. आईला मी विचारले. ती पदर तोंडाला लावून भिंतीसमोर उभी राहिली आणि मुलींसाठी पोहे करायला आत गेली.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जावे.

आपला आज्ञाधारक,
व्यंकट

ता.क. आपला चेहरा मुलींना कुठे मिळाला, असे आपण विचाराल. त्यांना नमुन्यासाठी एका मामांचा फोटो हवा होता. आम्हाला मामा एकच. मी दिला. (तोपर्यंत विषय वाचून झाला होता.)

ता.क. २. चित्रातल्या मुलीचे डोळे अयोध्याने स्वतः रंगवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

ता.क. ३. पाहुण्यांना आणू नका. शनिवारी एकटे या. आपल्या मनगटापुढे मी पेन्सिलीने एक दप्तर काढून ठेवले आहे. ते मुलीकडे पुढे केलेले आहे. पेन्सिल खोडता येते, पण खोडरबर मी लपवला आहे.