सरांची रेघ

३ फेब्रुवारी

आजही रेघ नाही! दोन हिरे टोकाला टोक, मध्ये धातूचा पातळ पत्रा, पत्र्याला केसाएवढं भोक, भोकात खनिजाचा कण. पृथ्वीच्या पोटात असतो तेवढा दाब दिला, लेझरने पांढराफटक होईस्तोवर तापवला. अणूंनी जुनी मांडणी मोडून नवी धरली की क्ष-किरणांच्या फोटोत एक जादा रेघ उमटते. म्हणजे, सर म्हणतात उमटते. त्या एका रेघेवर त्यांचं नाव झालं. मला दोन वर्षांत एकदाही दिसलेली नाही. बाहेरच्या एका प्रयोगशाळेलाही दिसली नाही, तर म्हणे त्यांचं यंत्र जुनं!

सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला हातच नाही."

९ फेब्रुवारी

लाडोबाने — माझा सिनियर, सरांच्या गळ्यातला ताईत — कण भरला आणि रेघ आली. त्याचं भोक बघितलं तर पार एका कडेला सरकलेलं. माझं इतकं वाकडं असतं तर मी फेकून दिलं असतं. आणि ह्याचं कौतुक! जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

१० फेब्रुवारी

आईचा फोन. मावशीच्या सुनेची पीएचडी झाली. तुझं कुठवर आलं? जूनमध्ये मुदत संपते, मग सगळंच मुसळ केरात — हे तिला सांगवलं नाही.

१८ फेब्रुवारी

ते सरकलेलं भोक डोक्यातून जाईना. आज कण घातलाच नाही. नुसते हिरे आणि पत्रा. लेझर, क्ष-किरण — दोन्ही मुद्दाम भोकाच्या कडेवर धरले.

रेघ आली. तीच! ठसठशीत!

खनिजाची नाहीच ती. हिऱ्यातला कार्बन तापलेल्या पत्र्यात शिरतो, त्याची आहे. ज्याचा नेम चुकतो त्यालाच दिसते. माझा चुकत नव्हता, म्हणून मी बिनकामाची! हात थरथरतो की काय म्हणून डॉक्टरला दाखवून आले होते मी. मेल्यांनो.

१९ फेब्रुवारी

फोटो घेऊन सरांच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी फोटो ओढून घेतला, खिडकीशी नेला. मग सगळ्यांना हाका मारल्या, चहा मागवला. लाडोबाला म्हणाले, बघ, शिक हिच्याकडून.

"लगेच लिहायला घे," मला म्हणाले. "जूनच्या आत उरकून टाकू."

मी चहा प्यायले.

२ जून

प्रबंध दिला. आई फोनवर रडली.

१४ ऑगस्ट

सरांनी नवी विद्यार्थिनी माझ्या हाताखाली दिलीय. काय सुरेख काम आहे पोरीचं, भोक बरोब्बर मधोमध! आज पुन्हा रेघ आली नाही, तशी रडवेली होऊन माझ्यापाशी आली. ताई, कुठे चुकत असेल?

म्हटलं, "तुझंच काहीतरी चुकतंय."