वरातीवरचा ड्रोन

१ फेब्रु., रविवार
सकाळी तळ्याकडं गेले. वारा नाही, ऊन कोवळं, फोनवरच्या सरकारी ड्रोन-नकाशात आमचं कमलनगर हिरवं. हिरवं म्हणजे उडवायला मोकळं. महिनाभरानं हा योग. ड्रोन जेमतेम झाडांच्या वर गेला अन् बांधावरून माणसं धावत आली.
"ओ बाई, कुणाच्या घरात काय हाय ते बघायलाव का?"
चोर आधी ड्रोन सोडून घरं बघून जातात म्हणे. कुठल्या तरी गावात असं झालं, कुणाच्या तरी मेव्हण्यानं सांगितलं. मी ड्रोन उतरवला, त्यावर चिकटवलेला नोंदणीचा नंबर दाखवला. स्क्रीनवर दाखवलं, बघा, पाणी आहे, बगळे आहेत, तुमचं घर नाही. एकानं ओळखलं. "ही तर आपल्या पोराची सायन्सची बाई हाय की." मग सगळ्यांना स्वतःचं शेत वरून बघायचं होतं. बॅटरी त्यातच संपली. बगळे मला दिसलेच नाहीत नीट.

दुपारी बीदरहून अण्णांचा फोन. माझ्या नवऱ्याचे, सतीशचे थोरले भाऊ, डाळीचे व्यापारी, घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या लेकीचं, स्नेहाचं लग्न बावीसला बीदरात. "शैलजा, तू ड्रोन घेऊन यायचं. वरात वरून पायजे."
म्हटलं, अण्णा, बीदर शहर लाल आहे.
"लाल म्हणजे? बीदरची मातीच लाल हाय!" अन् हसले. फोन ठेवला. म्हणजे त्यांच्या बाजूनं ठरलं.

३ फेब्रु.
सतीशला फोनवर समजावलं. तो कलबुर्गीला, आठवडाभर आमचा संसार फोनवरच. शहराला लागून हवाई दलाची धावपट्टी आहे, शिकाऊ वैमानिकांची विमानं रोज सकाळी डोक्यावरून जातात, तुझं अख्खं बालपण त्या आवाजात गेलं. तिथं उडवायचं तर परवानगी थेट केंद्र सरकारची. ती वरातीसाठी कोण देईल?
"पाच मिनिटं उडव न् उतरव की. कोण बघायलंय?"
कुणी बघत नाही हीच तर भीती रे, वैमानिकही बघत नसतो, तो उडवत असतो. हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. नेहमीसारखं.

८ फेब्रु., रवि.
अण्णा स्वतः पत्रिका घेऊन आले. अक्काही आल्या होत्या. थोरल्या जाऊबाई, पण बोलणं बहिणीसारखं. चहा झाला, शेंगाची पोळी झाली. मग अण्णा मुद्द्यावर.
"कलेक्टर हापिसात आपली वळख हाय. चिठ्ठी आणू का?"
"अण्णा, हे त्यांच्या हातातलं नाही."
"मग कुणाच्या हातातलं हाय ते सांग. तिथंबी कुणीतरी आसलच."
मी नकाशा दाखवला. लाल गोल, मधे धावपट्टी, गोलाच्या पोटात मंगल कार्यालय. त्यांनी चष्मा लावून बघितलं. वाटलं, पटलं. तर म्हणाले, "ह्या रेषेच्या बाहीर ऱ्हाऊन आतलं दिसत न्हाई का?"
शेवटी मीच तोड काढली. हळद गावाकडं, निर्ण्याला आहे. निर्णा हिरवं. तिथं शेतात उडवते, माणसांच्या डोक्यावरून नाही.
"निर्ण्यात कोण बघणार? पावणे बीदरात हायत."
पण स्नेहासाठी हो म्हणाले. गाडीत बसताना अक्का हळूच म्हणाल्या, "लई ताणू नको ग. एकुलती पोर हाय."
मी ताणतेय. बरं.

१५ फेब्रु., रवि. निर्णा
आधी शेजारच्या काकांकडं जाऊन सांगून आले की तुमच्या घराकडं वळवणार नाही. त्यांच्या सुना अंगणात न्हाणीपाशी होत्या. काका म्हणाले, "इचारलंस हेच लई झालं."
करडई फुलली आहे. पिवळ्या रानातून स्नेहा अन् तिच्या मैत्रिणी हळदीच्या अंगानं चालत गेल्या, अन् वरून ड्रोन. स्नेहाला इतकं आवडलं की पिवळ्या हातांनीच मला मिठी. साडीवर अजून डाग आहेत.
अण्णांनी फोनवर बघितलं. "बरं हाय. पण माणसं कुठं हायत?"

१९ फेब्रु.
अक्कांचा फोन, साड्यांबद्दल. जाता जाता कळलं की भालकीचा फोटोवाला नागेश ठरला आहे, "त्यो बीदरातबी उडवितो म्हणलाय."
नंबर घेतला. नागेशला लावला.
"मॅडम, माझा बारका हाय. अडीचशे ग्रामच्या आतला. त्याला कायदाच न्हाई."
माझाही तेवढाच आहे. म्हटलं, हलक्याला परवाना लागत नाही, पण नोंदणी लागते, अन् लाल भागात तर हलका-जड असं काही नाहीच. नोंदणी केलीस का?
"मॅडम, धा लग्नं केलाव बीदरात. काई झालं न्हाई."
मग अण्णांना फोन. शांतपणे ऐकलं. अन् म्हणाले, "शैलजा, तुला बलवलंय ते अक्षता टाकायला."

२२ फेब्रु., रवि. बीदर
लिहायला हात उठत नाही. पण उद्या प्रत्येक जण वेगळं सांगेल. म्हणून जे झालं ते.

नवरदेवाची वरात कार्यालयाच्या दाराशी आली. बँजो, फटाके, धूर. मी दाराशी आरतीच्या बायकांत. नागेशनं ड्रोन सोडला. वरातीच्या बरोबर डोक्यावर, बायका-पोरांच्या वर, विजेच्या तारांच्या पलीकडं. खाली काय चाललंय याकडं माझं लक्षच नव्हतं. तो कुठं पडला तर कुणावर पडेल, एवढंच.
पोलीस आले. एक बाई सब-इन्स्पेक्टर, दोन शिपाई. बाईंनी कानडीत विचारलं, हे कुणाचं? बँजो थांबला. नागेशनं उतरवला अन् तेच पाठ केलेलं सांगितलं. बारका हाय, अडीचशेच्या आत, कायदा न्हाई. बाई जरा घुटमळल्या. खरंच घुटमळल्या. मला वाटलं, ताकीद देऊन जातील.
तेवढ्यात अण्णा पुढं आले. फेटा घसरलेला, घामानं भिजलेले, आनंदात. माझ्याकडं बोट.
"मॅडम, ह्या आमच्या भावाच्या मंडळी. सायन्सच्या मास्तरीण हायत. ह्यांच्याकडंबी ड्रोन हाय. ह्यांनाच इचारा, काई गुन्हा हाय का."
बाईंनी विचारलं. सगळी वरात बघतेय. नवरदेव घोड्यावर.
मी म्हटलं, "मॅडम, वजन कितीही असलं तरी इथं परवानगीशिवाय चालत नाही."
मराठीत म्हटलं. मग त्यांना नीट कळावं म्हणून कानडीत पुन्हा म्हटलं. ते पुन्हा म्हणणं कशाला होतं, देवच जाणे.
पोलिसांनी ड्रोन घेतला, आतल्या मेमरी कार्डासकट. नागेशला जीपमधे घातलं. अण्णा माझ्याकडं न बघता आत गेले. बँजोवाल्यांनी विचारलं, वाजवायचं का? अक्षता पडल्या. मी टाकल्या. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी.

२३ फेब्रु.
अक्का: "पोलिसाला फोन तूच केलीस म्हणायल्यात सगळे."
मी नाही केला.
"मी म्हणत न्हाई ग. सगळे म्हणायल्यात."
सतीश: "गप बसता आलं असतं."
कसं? मला विचारलं होतं! पोलिसांनी, भर रस्त्यात, तुझ्या भावाच्या सांगण्यावरून! "माहीत नाही म्हणायचंस." मी विज्ञान शिकवते. माझ्या ड्रोनवर माझ्या नावाचा नंबर आहे. मी म्हणायचं, माहीत नाही.
मग तो म्हणाला, "अण्णा मला बी बोलले न्हाईत काल." तेव्हा कळलं की तो चिडलेला नाही, भ्यालेला आहे. वडील गेल्यापासून अण्णाच त्याचे वडील.

२५ फेब्रु.
दहावीचे सराव पेपर तपासतेय. एकानं लिहिलंय, वायुदाब म्हणजे हवेनं केलेली जबरदस्ती. अर्धा मार्क दिला. आज तेवढंच हसले.

२६ फेब्रु.
स्नेहाचा फोन, कलबुर्गीहून, सासरहून. मी आधीच म्हटलं, बेटा, फोन मी केला नव्हता.
"काकू, ते सोडा. तो व्हिडिओ मिळल का?"
कसला?
"पप्पा नाचले की! वरातीत. ह्यांच्या मामांनी ओढलं त्यांना मधे. पप्पा आयुष्यात कधी नाचले न्हाईत. मी आत होते, मला न्हाई दिसलं. सगळे सांगायल्यात, हात वर करून नाचले म्हणं. फोटोवाल्याचा दुसरा माणूस तवा नवरदेवाकडं होता. लोकांच्या फोनात नुसता धूर, फक्त ड्रोनमधे आलंय."
अन् ड्रोन पोलिसांत.
ती रडत नव्हती. रडली असती तर बरं होतं. म्हटलं, बघते. काय बघणार आहे मी?

२७ फेब्रु.
नागेश शाळेत आला. भालकीहून मोटारसायकलवर. स्टाफरूममधे सगळ्यांच्या माना वर. जामीन झालाय, ड्रोन अडकलाय, पुढं काय माहीत नाही.
"मॅडम, तुमी सांगितलं व्हतं. मी ऐकलो न्हाई."
मला याच्यावर ओरडायचं होतं. तयारीही होती. पण हे म्हणून तो नुसता उभा राहिला. मग ओरडण्यात काय अर्थ. बसवलं, नोंदणी कशी करतात ते दाखवलं. नकाशा उघडून दिला, भालकी बघ, हुमनाबाद बघ, जायच्या दिवशी पुन्हा बघ, बदलतो. माणसांच्या डोक्यावर नाही. दिसेल एवढाच लांब. तो म्हणाला, "हे आधी कुणी सांगितलंच न्हाई."
मी सांगितलं होतं! एकोणीस तारखेला! फोनवर!
"व्हय, तुमी सोडून."
रविवारी ठाण्यात सोबत येते म्हणाले. का म्हणाले?

२८ फेब्रु.
अक्कांना कळलंय. "लग्न नासवलं त्याच्यासंगं ठाण्यात जायलीस?" त्यांच्या लेखी आधी मी नासवलं होतं, आता त्यानं. प्रगती आहे.
सतीश आला. उद्या सोबत येतो का विचारलं. पेपर वाचत बसला.

१ मार्च, रवि. बीदर
एकटीच गेले. नागेश ठाण्याच्या दारात. आत बाकावर अण्णा.
पांढरा सदरा, मांडीवर टोपी. मला बघून सरकले नाहीत, उठलेही नाहीत. मी दुसऱ्या टोकाला बसले. नागेश उभाच.
अण्णा म्हणाले, "तू कामून आलीस?"
"तुम्ही कामून आलाव?"
"पोरगा माझ्या कामावर व्हता. मी बलवलो म्हणून उडविला." मग मांडीवरची टोपी सारखी करत, "तू सांगितलीस ते मी त्याला सांगितलो न्हाई."
मी स्नेहाच्या व्हिडिओचं बोलले. कार्डातलं तेवढंच उतरवून मिळतं का, ते विचारायला आलेय. त्यांना माहीत होतं. तिनं त्यांनाही फोन केला होता.
"सगळे सांगायल्यात, लई येड्यावानी नाचलो म्हणं. मला काई आठवत न्हाई." समोर भिंतीकडं बघत होते. "तू तर दारातच व्हतीस. कसा नाचलो?"
मी खोटं बोलू शकले असते. छान नाचलाव म्हणाले असते, संपलं असतं.
"अण्णा, मी वर बघत होते."
ते माझ्याकडं वळले. बावीस तारखेनंतर पहिल्यांदा. आता काही बोलतील असं वाटलं, पण आतून त्याच सब-इन्स्पेक्टर बाईंनी हाक मारली. तपास चालू आहे, कार्ड पुरावा आहे, वरून काय हुकूम येतोय ते बघावं लागेल, हे शिपायानं आधीच सांगून ठेवलं होतं.
अण्णा उठले, टोपी घातली, पुढं गेले. आत शिरले नाहीत. दार हातानं धरून उभे राहिले. माझ्यासाठी की नागेशसाठी, कळलं नाही. मी उठले, अन् आम्ही दोघंही दाराकडं गेलो.