दमटरावांना माझी कंडरा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरीणबाईंकडून घेतला आहे, कारण थोरले चिरंजीव हल्ली भेटेल त्याला "आई जरा विसरते" असे सांगत सुटले आहेत.

१. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे. मात्र कलम ३ पाळल्याची पोच मिळेपर्यंत कुलूप उघडायचे नाही. चावी वकिलांकडे. त्यांचाही भरवसा नाही, म्हणून दुसरे कुलूप माझ्या बहिणीचे.

२. सूक्ष्म वीज मोजण्याचे माझे यंत्र धाकट्या सुनेला. हात लावण्यापूर्वी विचारणारी घरात ती एकटीच. कलम ३ पुरते तिने ते उसने द्यावे.

३. माझ्या टाचांमागच्या कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणाऱ्या दोऱ्या, मृत्यूनंतर लगेच, ओल्या असतानाच काढून माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांना द्याव्यात. सगळी प्रयोगशाळा त्यांना दमटराव म्हणते. कंडरेतले कोलॅजेन हे प्रथिन ताणले की किंचित वीज देते, हे मी उभी नोकरी दाखवत आले. वाळलेल्या तुकड्यापुरते त्यांनाही मान्य. ओल्या कंडरेचा विषय निघाला की, "बाई, ती वीज आतलं खारट पाणी हलल्याची. आणि बैलाच्या कंडरेवरून माणसाचं सांगू नका." एकदा पाहुण्यांसमोर माझा वाळवलेला नमुना ऐन वेळी ओलसर निघाला. त्यावर फुंकर कोणी मारली असेल, याबद्दल मला फारशी शंका नाही.

मग त्यांनाच का? माझे विद्यार्थी मला आवडेल तेच उत्तर काढतील. दमटराव माझ्या बाजूने एक अक्षर फुकट लिहिणार नाहीत. निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी तो छापावा. तो ऐकायला मी नसेन, याचे फार वाईट वाटते.

संमतीसाठी त्यांना काल घरी बोलावले. मसुदा वाचून म्हणाले, "आणि मी आधी गेलो तर?"

"तर तुमच्या कंडरा माझ्याकडे."

"तुम्ही त्या वाळवून ठेवाल!"

"तुम्ही माझ्यावर फुंकर माराल. तरी देतेय ना?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग कागद मागून तसेच लिहून दिले. त्यांचा कागद मी भिंगाखाली दोनदा वाचला. पळवाट सापडली नाही.

साक्षीदार: १. शेजारचे दंतवैद्य (सही). २. प्रयोगशाळेच्या काचनळ्या बनवणाऱ्या बाई (सही).

स्थळ: माझे स्वयंपाकघर. दिनांक: ९ मार्च.

(माझी सही)

ता. क. साक्षीला दमटरावही तयार होते. वकील म्हणाले, चालणार नाही. ते आता तुमचे वारस आहेत.