न विरघळणारी पूड

१ जुलै २०२५
आज शेंद्र्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्याच जागेवर. सिडकोहून बस साडेआठला निघाली, खिडकीशी जागा मिळाली. मंदारला जाऊन चार महिने झाले. आज पहिल्यांदा डबा भरताना बरं वाटलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या निशाने सगळं समजावलं. मला वहिनी म्हणते. रंगात घालायची एक पिवळी पूड पाण्यातल्या जिवांना किती घातक, ते ठरवायचंय. ती जवळजवळ विरघळतच नाही. दोन दिवस ढवळायची, तळाशी राहील ती गाळून काढायची आणि त्या पाण्यात डॅफ्निया नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे जीव सोडायचे. प्रमुख अप्पाराव सर म्हणाले, ताई, दोन दिवसांत काही मेलं नाही म्हणून पुडीला सोडायचं नाही, काही जिन्नस सावकाश मारतात. एकवीस दिवस बघायचं.

५ जुलै
चाचणी सुरू. दोघींनी एकेक बाटली लावली. चहाच्या वेळी निशा सहज म्हणाली, मंदार सर बिनसाखरेचा घ्यायचे, लई कडक. घरी तो दोन चमचे साखर घ्यायचा. अकरा वर्षं मीच घालत होते. 

८ जुलै
माझ्या बाटलीत पूड तळाशी तशीच. निशाच्या बाटलीत एक कण नाही. वजन तेच, पाणी तेच. विचारलं तेव्हा तिने मान खाली घातली. म्हणाली, राग मानू नका वहिनी, सर गेल्यापासून हे असंच चाललंय. सकाळी काचेची कांडी ओली असते. सरच ढवळून जातात. थांबा जरा, तुमचीपण ढवळतील की.
म्हणजे तिने त्याच्याकडे शब्द टाकला तर.

१२ जुलै
काल थोडी पूड कागदात बांधून घरी आणली. चिमूटभर पेल्यात टाकली, शेजारी कांडी ठेवली. सकाळी कांडी कोरडी. उरलेली पुडी फडताळात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवली. त्याच्या फोटोकडे आज बघितलं नाही.

१४ जुलै
अप्पाराव सरांना सांगितलं, निशा बाटलीत काहीतरी मिसळते. नोंदी दाखवल्या.  तिला घरी बसवलं. जाताना मला म्हणाली, टेबल मागितलं असतं तर दिलं असतं वहिनी. माणूस कसा देऊ?

१५ जुलै
टेबल माझं एकटीचं. कांडी कोरडीच.

२१ जुलै
आज ओली होती. माझी बाटली स्वच्छ. तिच्यात दहा डॅफ्निया सोडले. अखेर माझी. दिवसभर कुणाशी बोलले नाही, हसू आलं असतं.

२४ जुलै
सगळे मेले. दहाही. अप्पाराव सर म्हणाले, एवढी पूड पाण्यात उतरूच शकत नाही. निशाच्या बाटलीतले तर मेले नव्हते —

२६ जुलै
सुट्टी. पुडी उघडली. रिकामी. कागदावर पिवळा डागसुद्धा नाही.
पिंपावरची पळी ओली, मी आज वापरलेलीच नाही. कधीपासून? बारापासून धरलं तर चौदा दिवस मी हेच पाणी — दोन दिवसांत काही —
पाणी अगदी स्वच्छ आहे. तळ दिसतोय.
पळी आत फिरतेय. मी हात लावलेला नाही. माझ्याच घरी आलाय, तिच्याकडे नाही.
घसा कोरडा पडलाय. पेला धुतला, भरून घेतला, आता —