पांढऱ्या सुयांचा दगड

प्रिय संतराम,

आयुष्मान भव. मोरबीच्या टाइल्स कारखान्यात तू फेल्डस्पारची पोती उतरवून राहिलास, हे आईकडून कळलं. दगड काही तुझी पाठ सोडत नाही.

कोमलला सोडवायला आलो तेव्हा तू मला मारलास तो दगडही तसाच. आपल्या खाणीतला काळा पाषाण. त्यातल्या पांढऱ्या सुया म्हणजे फेल्डस्पारच. समोरचे तीन दात त्यानं नेले, जबडा मोडला. रक्तानं भरलेलं तोंड धरून मी अंगणात पडलो, तरी तू बायकोचे केस सोडले नव्हतेस. कोमलचं डोकं उंबऱ्यावर आपटल्याचा आवाज अजून कानात आहे.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी नवे दात बसवले. त्यातही फेल्डस्पार असतो म्हणे. भट्टीत वितळून काचेसारखा होतो नि बाकीच्या कणांना धरून ठेवतो. ज्यानं पाडले, त्यानंच उभे केले! तोवर संस्कृतच्या मास्तराचे दंत्य वर्ण वाऱ्यावर होते. वर्गातली पोरं खूश, कारण मला ‘दंड’ म्हणताच येईना.

हा दगड उन्हापावसात कुजतो नि त्याची माती होते. आपली काळी रानं त्यातूनच झालीत. पण त्याला युगं लागतात, बाबा. तू मऊ होईपर्यंत थांबायला कोमलकडे तेवढा वेळ नाही.

जबडा तारांनी बांधलेला, पुढं दातही नाहीत, म्हणून पोलीस जबाबासाठी थांबले होते. तारा निघाल्या तशी आई उशाशी येऊन बसली. पाय घसरला म्हण, लेकरू हाय आपलं, म्हणाली. कोमल दारात उभी होती. तिचं मनगट मोडलं तेव्हा ती विहिरीवर घसरली होती, डोळा काळानिळा झाला तेव्हा न्हाणीत. आपण सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. ती एवढंच म्हणाली, “दादा, आता तुमी बी घसरून राहिलात का?”

काल मी जबाब दिला. दगड तुझ्या हातात होता, असं सांगितलं. माझ्यानंतर कोमल आत गेली, तिचं सांगणं बराच वेळ चाललं. पोलीस तिथं पोचण्याआधी तू आपणहून ये. वारंगा फाट्यावर उतर, मी न्यायला येईन. ठाण्यापर्यंत बरोबर चालू. वकीलही मीच बघेन. घरी मात्र यायचं नाही. कोमलनं आतून कडी लावली आहे, आणि ती कडी मीच बसवून दिली.

तुझाच, त्याला इलाज नाही,
विश्वंभरदादा